तुरुंग हलका, ठाणे जड

तुरुंगातली गर्दी कमी करण्याची युक्ती सोपी निघाली: कैदी घरी, हजेरी ठाण्यात. 8 मे 2020 रोजी महाराष्ट्राने 1959 च्या फर्लो-पॅरोल नियमांत दुरुस्ती केली. करोनातल्या आपत्कालीन पॅरोलवर सुटलेल्याने दर 30 दिवसांतून एकदा आपल्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात तोंड दाखवायचे. कारागृहाचा भार उतरला.

उतरलेला भार जातो कुठे, ते राजूरला विचारा. अकोले तालुक्यातले हे ठाणे. हद्दीत भंडारदरा, रतनवाडी, घाटघर. पावसाळ्यात धबधब्यापाशी बंदोबस्त, त्याआधी काजव्यांचा बंदोबस्त (काजवे बिचारे शिस्तीत असतात, बघायला येणारे नसतात), 31 डिसेंबरला तंबूंभोवती बंदोबस्त. अशा हद्दीत डोंगरापल्याडच्या वाडीतला कैदी तेव्हा ‘देखरेखीखाली’ असायचा, म्हणजे महिन्यातून एकदा सही करायचा. बाकीचे दिवस त्याच्यावर सह्याद्रीची नजर.

कॅलिफोर्नियानेही 1 ऑक्टोबर 2011 पासून किरकोळ गुन्ह्यांतल्या कैद्यांची जबाबदारी राज्याकडून काउंट्यांवर ढकलली. सोबत पैसे तरी दिले. तरीही शहरांचे पोलीस कुरकुरलेच. आपल्याकडे तुरुंग राज्याचा, पोलीसही राज्याचेच. मग पैसे कुणी कुणाला द्यायचे? ठाण्यात एक नवी नोंदवही आली की व्यवस्था पूर्ण.

कैदी सोडायला हरकत नाही. कोंबून ठेवण्यापेक्षा ते केव्हाही बरे. फक्त साहेब, पुढच्या आदेशाला दोन शिपाई आणि गाडीचे डिझेल जोडून पाठवा.