तीन ग्रॅमची स्मरणशक्ती

यामाहाचा डीएक्स७ हा सिंथेसायझर १४ किलोंहून जड आहे. तो जिन्यावरून उतरवायला एकदा मदत केलेला शेजारी पुन्हा सहसा दार उघडत नाही. एवढ्या धुडाची स्मरणशक्ती मात्र तीनेक ग्रॅमच्या बटन सेलवर चालते. सीआर२०३२. मोटारीच्या रिमोट किल्लीत असतो तोच, बाथरूममधल्या वजनकाट्यात असतो तोच.

हे वाद्य आलं १९८३ मध्ये. त्यातले ३२ टोन ज्या रॅममध्ये राहतात, ती रॅम वीज गेली की सगळं विसरते. म्हणून वाद्य बंद असताना हा सेल तिला थेंबथेंब वीज पाजत बसतो. तिची भूक इतकी कमी की एक सेल वर्षानुवर्षं पुरतो. आणि एवढं करून सांभाळायचं काय? ४,०९६ बाइट्स. सकाळी फॅमिली ग्रुपवर सुप्रभातचं जे गुलाबाचं फूल येतं, त्यात असे कित्येक डीएक्स७ आरामात मावतील.

बरं, हे टोन तरी मालकाने स्वतः घडवलेले असावेत! एका टोनमागे दीडशेहून अधिक आकडे, ते भरायला एक इवलासा पडदा आणि दाबल्यासारखी न वाटणारी बटणं. ब्रायन इनोसारखे मोजके लोक त्यात रमले. बाकी जगाने ११ नंबरचा इलेक्ट्रिक पियानो लावला आणि ऐंशीच्या दशकातली प्रेमगीतं उरकली. दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेक डीएक्स७ मध्ये कारखान्याचे टोन जसेच्या तसे सापडायचे, असा किस्सा या धंद्यात सांगतात. म्हणजे कुलूप लावून जपलेला ऐवज हा शेजारच्या घरीही होताच.

खरा वात्रटपणा पुढे आहे. यामाहाने हा सेल थेट बोर्डावर सोल्डर करून टाकला. पाचेक वर्षांत सेल संपेल, तोवर गिऱ्हाईक नवं मॉडेल घेईल, असा बहुधा हिशेब असावा. गिऱ्हाइकाने नवं मॉडेल घेतलंही, पण जुनं विकलं नाही. आणि सेलनेही हिशेब पाळला नाही. वीस-पंचवीस वर्षं इमानेइतबारे चाललेले मूळ सेल निघाले आहेत. नोकरीत एवढी मुदतवाढ सरकारी सल्लागारांनाच मिळते.

रोलँडने याआधीच, १९८० मध्ये, शहाणपणा दाखवला होता. त्यांच्या टीआर-८०८ या ऱ्हिदम मशीनला सेलचा खण आहे आणि त्यात तीन पेन्सिल सेल बसतात. संपले की वाण्याकडून आणा. संगीतकार चरणजीत सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ हा अल्बम केला तो याच ८०८ वर, जोडीला टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८. राग त्यांच्या डोक्यात पक्के होते. मशीन बंद केल्यावर ठेके लक्षात ठेवायचं काम पेन्सिल सेलकडे.

कॉर्गच्या पॉलिसिक्सची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. १९८१ च्या या वाद्यात चार्ज होणारी निकेल-कॅडमियम बॅटरी आहे. ती म्हातारी झाली की नुसती मरत नाही, गळते. गळतो तो अल्कलीचा द्रव, आणि तो बोर्डावरचे तांब्याचे बारीक पट्टे खात सुटतो. झाकण उघडावं तर बॅटरीभोवती हिरवट-पांढरी पूड, आणि आयसीचे पाय टोचलं की हातात. इथे बॅटरी काढून लिथियम सेल चिकटवला की झालं, असं समजणारे पुढचं संकट ओढवून घेतात. जुन्या बॅटरीला चार्ज करणारं सर्किट नव्या सेललाही प्रेमाने चार्ज करू लागतं, आणि सीआर२०३२ ला चार्जिंग मुळीच सोसत नाही. तो फुगतो, फुटूही शकतो. मध्ये एक डायोड घालून ती वाट बंद करावी लागते. डायोड काही पैशांचा, वाद्य काही लाखांचं.

डीएक्स७ चे मालक एवढ्या संकटात नसतात, पण स्वस्थही नसतात. फंक्शनमध्ये जाऊन १४ नंबरचं बटण दाबलं की पडद्यावर सेलचे व्होल्ट दिसतात. बीपीचं मशीन घरी आल्यावर माणसाचं जे होतं तेच यांचं होतं. तीनच्या आसपास आकडा असला की चहा गोड लागतो. अडीचकडे सरकला की झोप उडते, आणि मग एका रविवारी टेबलावर चादर अंथरली जाते.

आधी मिडीच्या वायरीने सगळे टोन कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचे; ही पायरी गाळणाऱ्याला कुणी वाचवू शकत नाही. मग प्लग काढून झाकण उघडायचं, जुन्या सेलच्या पट्ट्यांचं सोल्डर पंपाने ओढायचं. नव्या गुळगुळीत सेलला थेट तापलेली सोल्डरिंग गन टेकवायची नाही, कारण लिथियम सेल तापला की तडकतो. त्याऐवजी होल्डर बसवावा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर तो वडापावच्या भावात मिळतो. पुढच्या खेपेला सेल नखाने काढता येतो आणि यामाहाची चूक चाळीस वर्षांनी का होईना, दुरुस्त होते. अधिक-उणे मात्र दोनदा बघावं. घरातल्या दुसऱ्या माणसाकडूनही बघून घ्यावं.

मग वाद्य सुरू करायचं. पडद्यावर टोनच्या नावांऐवजी अगम्य चिन्हं उमटतात, पट्टी दाबली की खरखर तरी येते नाहीतर काहीच येत नाही. स्मृती पार गेलेली. घाबरायचं कारण नाही, उतरवून ठेवलेली फाइल परत पाठवायची. मालक ती पाठवतो, आणि ज्याच्या डोक्यात या घडीला एकही धड टोन उरलेला नाही ते यंत्र पडद्यावर ठणकावतं: ‘मेमरी प्रोटेक्टेड’.