मंदगती मोटारीची चौकशी

नागपूरकर भोसल्यांच्या दप्तराबरोबर छत्तीसगडात आलेल्या आणि 1854 साली ते राज्य खालसा झाल्यावरही दप्तरी वृत्ती न सोडलेल्या आम्हा रायपूरच्या मराठी कुटुंबांत कोणतीही वस्तू बिघडली, की दुरुस्तीपूर्वी तिची रीतसर चौकशी होते. त्यामुळे लाटणी आणि चौरंगाचे पाय कातण्यासाठी घेतलेल्या माझ्या छोट्या लेथची अर्ध्या अश्वशक्तीची मोटार, बटण दाबताच कामावर रुजू होण्याऐवजी, प्रथम गुणगुणून, मग किंचित थरथरून, अखेरीस दप्तर सोडण्यापूर्वी तंबाखू मळणाऱ्या शिरस्तेदाराच्या संथपणाने फिरू लागली, तेव्हा तात्यापाऱ्यातील आमच्या पडवीत पंचमंडळी जमणे अपरिहार्यच होते.

गुडघेदुखीने त्रस्त नानांनी बेअरिंगमधले वंगण सुकल्याचा निर्वाळा दिला. माईंनी सुनेकडे पाहत, ‘‘पट्टा फार ताणलाय; कुणालाच इतकं ताणू नये,’’ असे मार्मिक मत नोंदवले. निवृत्त गणितशिक्षक आप्पांनी मात्र प्रमेयच मांडले : वैशाखात मोहल्ल्यातले कूलर सुरू झाले, की दाब 230 वरून 180 व्होल्टांवर उतरतो, आणि मोटारीचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्याने तो जेमतेम 61 टक्के उरतो. प्रमेय निर्दोष होते. पण कूलर झोपलेल्या पहाटे, पूर्ण दाबावर, पट्टा काढून ठेवला आणि हाताने आस लोण्यासारखा फिरत असला, तरीही मोटार गुणगुणतच राहिली, आणि तिन्ही आरोपी एकाच वेळी निर्दोष सुटले.

मग वायरमन आला. त्याने लाकडी काठीने रिकाम्या पुलीला हलका हिसका दिला, तशी मोटार भुर्रकन धावली. उलट हिसका देताच तितक्याच निष्ठेने उलट धावली. ‘‘एखर कंडेन्सर कमजोर होगे हे, बाबूजी,’’ एवढेच तो म्हणाला. एकेरी फेजच्या प्रवाहाचे चुंबकक्षेत्र जागच्या जागी येरझारा घालते. त्याला दिशा देण्यासाठी दुसरे वेटोळे आणि कंडेन्सर लागतो, आणि मोटारीने सुमारे तीन चतुर्थांश वेग घेतला, की आतला स्विच त्या दोघांनाही सेवामुक्त करतो. इतक्या निमूटपणे निवृत्त होणारा अधिकारी आमच्या चौकशी समितीत एकही नव्हता.

बल्बच्या तारा लावून कंडेन्सरमधला उरलेला विद्युत्‌भार उतरवल्यावर वायरमनने मीटर लावला. अंगावर 80 मायक्रोफॅरड छापलेले ते पात्र 31 वरच अडले होते. गोलबाजारातून नवा कंडेन्सर येताच मोटार बटणासरशी गर्जत सुटली, लाकडाचा पहिला भुसा थेट आप्पांच्या धोतरावर उडाला, आणि समितीच्या चेहऱ्यांवर, निकाल विरुद्ध गेलेल्या पक्षकारांची कळा पसरली.

‘‘ते सगळं ठीक,’’ नाना तेलाची बुधली घेऊन पुढे सरसावत म्हणाले, ‘‘पण बेअरिंगचं काय करायचं?’’