नांदूर मध्यमेश्वर: नवशिक्यांसाठी पक्षीनिरीक्षण

स्थळ. नाशिकला समुद्र नाही, म्हणून हिरमुसू नका. निफाड तालुक्यात गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ शंभर वर्षांहून जुना बंधारा आहे. तो गाळानं भरत गेला. पाटबंधारेवाल्यांचा तोटा तो पक्ष्यांचा फायदा: उथळ पाणी, चिखल, पाणवेली. १९८६ साली इथे अभयारण्य झालं आणि २०२० साली राज्यातलं पहिलं रामसर पाणथळ स्थळ म्हणून त्याचं नाव जाहीर झालं.

वेळ. थंडीतला निफाडचा पारा पेपरात वाचायचा असतो, अंगावर घ्यायचा नसतो. तेव्हा नाश्ता उरकून दहाला पोहोचा. पाण्यावर ऊन चमकत असल्यानं प्रत्येक पक्षी काळाच दिसेल. ‘पाणकावळा’ म्हणून मोकळं व्हा.

पोशाख. भडक लाल स्वेटर उत्तम. पक्षी तुम्हाला लांबूनच ओळखतील आणि उडून जातील.

दुर्बीण. चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यावर कुणीतरी म्हणेल, ‘तो बघा, बाभळीच्या उजवीकडे!’ बाभळी बऱ्याच असतात. कुठलीही निवडा आणि ‘अरे वा, दिसला’ म्हणा.

ओळख. पाण्यावर तरंगतं ते बदक, हा नियम सोपा आहे. पण तो वारकरी मोडतो. काळं अंग, पांढरी चोच, कपाळावर पांढरा टिळा. हा बदकांत पोहतो, पण कुळानं पाणकोंबड्यांचा. खऱ्या बदकांत हळदी-कुंकू आधी शिका: काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि बुडाशी दोन लाल ठिपके. मग थापट्या. त्याची चोच फावड्यासारखी पुढे रुंद. ती पाण्याला टेकवून थापटे घोळक्यानं गोल गोल फिरतात, ढवळलेलं पाणी चोचीतून गाळतात आणि बारीक किडे खातात.

फ्लेमिंगो. गाडीतून उतरताच ‘फ्लेमिंगो कुठेत?’ असं गाइडला विचारा. त्याला सवय असते. फ्लेमिंगो म्हणजे रोहित, पक्षी उथळ पाण्यातला. दारणा-गंगापूर धरणांतून जायकवाडी धरणासाठी पाणी सुटलं, की इथली पातळी चढते, चिखल बुडतो आणि लांब पायांची मंडळी मुक्काम हलवतात. आवर्तनाचं वेळापत्रक त्यांना कुणी कळवत नाही, तुम्हालाही नाही.

फोटो. मोबाइलवर करडा ठिपका टिपा आणि फॅमिली ग्रुपवर ‘झूम करून बघा’ असं लिहून टाका. मावशी ‘छान मोर’ म्हणतील. वाद घालू नका.

आता खरं सांगायचं तर यातलं काहीच करू नका. उजाडता उजाडता मनोऱ्यावर पोहोचा, मातकट कपडे घाला, अर्धा तास गप्प बसा आणि एकच पक्षी धरून ठेवा: त्याची चोच, त्याचे पाय, त्याचं खाणं. घरी येऊन तो कागदावर काढता आला, की दिवस वसूल. रोहित दिसला नाही तरी. आणि हॉर्न व ब्लूटूथ स्पीकर तेवढे नाशिकलाच ठेवून या.