एकवीसच्या अलीकडे

ब्लॅकजॅकमध्ये पानांची बेरीज 21 च्या जवळ न्यायची. ओलांडली की खेळाडू ‘फुटला’, खेळ खलास. राजा, राणी, गुलाम तिघेही दहाचेच. एक्का मात्र सोयीप्रमाणे एक किंवा अकरा, अगदी अपक्ष आमदारासारखा. डीलर, म्हणजे कॅसिनोचा पाने वाटणारा, सोळापर्यंत पान ओढतो, सतराला थांबतो. खेळाडू आधी फुटला की त्याचे पैसे गेले, मग डीलर फुटो न फुटो; कॅसिनोचे पोट यावरच भरते. नागपूरकराला या खेळासाठी पणजीला, मांडवीतल्या जहाजावर जावे लागते. महाराष्ट्राने 1976 मध्येच कॅसिनोचा कायदा केला, पण तो लागू काही झाला नाही. पुढे 2023 मध्ये, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, कधीच न वापरलेला हा कायदा रद्द करण्याचे विधेयक मात्र रीतसर मंजूर झाले.