ऑक्टोबरच्या पॉइंट टेबलास अनावृत पत्र

रा. रा. पॉइंट टेबल (ऑक्टोबर आवृत्ती),
मुक्काम पोस्ट प्रीमियर लीग, इंग्लंड, यांस
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपले दिवस आले आहेत. फुटबॉलचा मोसम ऑगस्टात सुरू होतो आणि मे महिन्यात संपतो हे आम्ही जाणतो. पण आपला खरा थाट ऑक्टोबरातच. आठ-नऊ सामने झालेले असतात, वीस संघ एकाखाली एक उभे असतात आणि वरून तिसऱ्या ओळीत एखादं असं नाव दिसतं की वाचणाऱ्याने चष्मा पुसून पुन्हा वाचावं. मग आमच्या पुण्या-मुंबईतले, कोल्हापुरातले शनिवारचे कट्टे रंगतात. साडेसातचा सामना सुरू व्हायच्या आत निकाल लावायचा असतो : ही सुरुवात खरी की खोटी?

आपण दरवर्षी या प्रश्नाचं उत्तर देता. शंका नाही, तळटीप नाही, थेट क्रमांक. ज्या आत्मविश्वासाने आपण हे काम करता, त्याबद्दल आपला जाहीर सत्कार व्हावा, या हेतूने चार शब्द लिहीत आहे.

आपल्या कारकिर्दीतला सर्वांत तेजस्वी महिना म्हणजे ऑक्टोबर २००८. हल सिटी नावाचा क्लब १९०४ साली स्थापन झाला आणि २००८ मध्ये पहिल्यांदा इंग्लंडच्या सर्वोच्च विभागात पोहोचला. १०४ वर्षांची प्रतीक्षा. वेम्बलीवर ब्रिस्टल सिटीविरुद्ध डीन विंडासने मारलेल्या एका व्हॉलीवर हे दार उघडलं. नवख्यांनी आल्या आल्या दबून राहावं अशी रीत असते. हलने ती पाळली नाही. आर्सेनलला त्यांच्याच मैदानावर २-१ हरवलं, आठवड्याभराने टॉटनहॅमला त्यांच्या मैदानावर १-० हरवलं, वेस्ट हॅमला नमवलं, वेस्ट ब्रॉमविच अल्बियनला तीन गोल घातले. नऊ सामने, सहा विजय, दोन बरोबरी, २० गुण. चेल्सीचे गुणही तेवढेच होते. लिव्हरपूल तीन गुणांनी पुढे. आपण हलला तिसऱ्या क्रमांकावर बसवलंत.

त्याच महिन्यात टॉटनहॅमचे आठ सामन्यांत दोन गुण होते. त्यांना आपण विसाव्या, म्हणजे अगदी शेवटच्या ओळीत बसवलंत. त्यांचे मॅनेजर हुआंदे रामोस यांची नोकरी त्या ओळीने खाल्ली.

मे महिना उजाडला तेव्हा तळाचं टॉटनहॅम आठवं आलं होतं आणि वरचं हल सतरावं. तिसऱ्याला सतरावा आणि विसाव्याला आठवा करण्यासाठी जी दूरदृष्टी लागते, ती एकट्या आपल्याकडे आहे.

आपल्या या दूरदृष्टीवर विसंबून बक्षिसंही वाटली जातात. त्या मोसमात ऑगस्टचे सर्वोत्तम मॅनेजर ठरले मिडल्सब्रोचे गॅरेथ साउथगेट. त्यांचा संघ मे महिन्यात खालच्या विभागात गेला. सप्टेंबरचे ठरले हलचे फिल ब्राऊन. डिसेंबरच्या २६ तारखेला मँचेस्टर सिटीविरुद्ध मध्यंतराला ०-४ अशी अवस्था झाली, तेव्हा ब्राऊनसाहेबांनी खेळाडूंना ड्रेसिंग रूममध्ये नेलंच नाही. मैदानावरच, आपल्या प्रेक्षकांसमोर बसवून सगळ्यांची हजेरी घेतली. सामना १-५ असा हरले. शेवटच्या २९ सामन्यांत हलला दोन विजय मिळाले. दोन.

२०२१ च्या ऑगस्टात टॉटनहॅमने पहिले तीन सामने १-० असे जिंकले. आपण त्यांना शिखरावर बसवलंत, नूनो एस्पिरितो सांतो महिन्याचे सर्वोत्तम मॅनेजर झाले आणि १ नोव्हेंबरला घरी बसले. २०२३ मध्ये त्याच क्लबात अँज पोस्टेकोग्लू आले. दहा सामन्यांत २६ गुण, एकही पराभव नाही, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर अशी तिन्ही महिन्यांची बक्षिसं त्यांच्या घरी. ६ नोव्हेंबरला चेल्सी आली. टॉटनहॅमच्या दोघांना लाल कार्ड, मॅडिसन आणि व्हान डी व्हेन दुखापतीने एकाच रात्री बाहेर, निकाल १-४. मोसमाअखेर संघ पाचवा. पहिल्या दहा सामन्यांत २६ गुण मिळवणाऱ्या संघाला पुढच्या २८ सामन्यांत ४० मिळाले. आपण मात्र आपल्या जागी ठाम होतात.

आता आपल्या विरोधकांविषयी. कारण आपल्यावर भाळणारे जेवढे आहेत, तेवढेच आपल्याकडे संशयाने पाहणारेही आहेत, आणि त्यांचा थाट आपल्याहून मोठा. हे लोक सुरुवातीची नाडीपरीक्षा करतात. गुणांकडे पाहू नका, गोलफरक पाहा, म्हणतात. समोर कोण होतं ते पाहा. गोल ठरवून झाले की लांबून मारलेला चेंडू नशिबाने आत गेला ते पाहा. ‘एक्सपेक्टेड गोल्स’ पाहा, म्हणजे मिळालेल्या संधींतून एरवी किती गोल व्हायला हवे होते याचा हिशोब. मागे पडून सामने वाचवत असतील तर समजा, पाणी मुरतंय. यातला प्रत्येक सल्ला शहाणपणाचा आहे. हललाच पाहा : २० गुण, पण गोलफरक अवघा तीनचा. विगनकडून घरच्या मैदानावर ०-५ अशी धूळधाण. आर्सेनलविरुद्धचा बरोबरीचा गोल हलच्या जोव्हानीच्या लांबच्या फटक्यावर, टॉटनहॅमवरचा विजय त्याच्याच फ्री किकवर. असे फटके दर शनिवारी बसत नाहीत. संशयवादी जिंकले, टाळ्या.

टाळ्या थांबवून याच मंडळींपुढे एक दुसरा संघ ठेवू. नाव सांगत नाही. नऊ सामने, १६ गुण, म्हणजे हलहून चार कमी. गोलफरक दोनचा, म्हणजे हलहून एक कमी. नऊच्या नऊ सामन्यांत गोल खाल्लेले, एकूण १७. तीन सामन्यांत दोन-दोन गोलांनी मागे पडून कसाबसा जीव वाचवलेला. एकच पराभव, तोही घरच्या मैदानावर पाच गोल खाऊन. आदल्या वर्षीच्या नाताळात हा संघ विसावा होता. नाडीपरीक्षेत हा रुग्ण वाचेल का? गुण, गोलफरक, मागे पडणं, या कसोट्यांवर त्याचा नंबर हलच्या मागे लागतो.

तो संघ म्हणजे लेस्टर सिटी, मोसम २०१५-१६. शेवटी ८१ गुण, दुसऱ्या क्रमांकाच्या आर्सेनलहून दहा जास्त, इंग्लंडचा विजेता. मोसमाआधी सट्टेबाजांनी त्यांच्यावर पाच हजारास एक असा भाव लावला होता.

म्हणजे महाराज, ऑक्टोबरात आपल्यासमोर दोन जवळजवळ सारखी प्रकरणं आली होती आणि त्यांतलं जे किंचित बरं दिसत होतं, ते बुडता बुडता वाचलं. आपणही चुकलात आणि आपले टीकाकारही. या चुकीत आपली एकी वाखाणण्यासारखी आहे.

मग फरक कुठे पडला? आर्सेनलने लेस्टरला ५-२ असं धुतलं आणि पुढच्याच सामन्यात क्लॉडिओ रानिएरी यांनी दोन्ही फुल-बॅक बदलले. क्रिस्तियान फुक्स आणि डॅनी सिम्पसन आत आले. गोल न खाता सामना काढलात तर पिझ्झा खाऊ घालतो, असं आमिष रानिएरींनी खेळाडूंना दाखवलं होतं. क्रिस्टल पॅलेसविरुद्धच्या दहाव्या सामन्यात ते फळाला आलं. पहिल्या नऊ सामन्यांत १७ गोल खाल्लेल्या या संघाने उरलेल्या २९ सामन्यांत १९ खाल्ले. वर युरोपीय स्पर्धांची दगदग नव्हती, आणि लीग कपातूनही ते ऑक्टोबरातच पेनल्टी शूटआउटवर बाहेर पडले. हरवलं कोणी? हल सिटीने. त्यामुळे तेच मोजके खेळाडू आठवडाभर विसावून शनिवारी उतरत राहिले. हलने मात्र पुढच्या २९ सामन्यांत ५३ गोल खाल्ले. लेस्टरची सुरुवात ऑक्टोबरात खरी नव्हती. ती नंतर खरी करण्यात आली. ज्या दिवशी पाच गोल खाल्ले, त्या दिवसापासून.

म्हणून ‘खरी की खोटी’ हा प्रश्न आपल्याला विचारणं हाच अन्याय आहे. आपण जमाखर्चाची वही. जे जमा झालं ते लिहायचं, एवढं आपलं काम. आम्हीच ती वही जन्मपत्रिका म्हणून उलगडतो आणि ग्रह चुकले की वहीला शिव्या देतो. तरी काही सुधारणा सुचवाव्याशा वाटतात. प्रत्येक संघाच्या नावापुढे, त्याने अजून कोणाशी खेळायचं बाकी आहे, ते छापावं. नऊ सामने झाले तरी निम्म्याहून अधिक प्रतिस्पर्धी अजून भेटलेले नसतात. कोणत्या एका खेळाडूचा घोटा मुरगळला तर सगळा डोलारा कोसळेल, त्याचं नाव द्यावं. आणि क्रमांकाचा रकाना नाताळापर्यंत कोरा ठेवता आला, तर कट्ट्यांवरची बरीच मैत्री टिकेल.

गुणांचा रकाना मात्र कोरा ठेवू नये. त्याचा हिशोब अजून बाकी आहे. २४ मे २००९, शेवटचा दिवस. हल मँचेस्टर युनायटेडकडून ०-१ हरलं. तिकडे न्यूकॅसलही ॲस्टन व्हिलाकडून ०-१ हरलं. हलचे गुण ३५, न्यूकॅसलचे ३४. एका गुणाने हल वाचलं, न्यूकॅसल खालच्या विभागात गेलं. शेवटच्या २९ सामन्यांत हलला १५ गुण मिळाले होते. बाकीचे २० आपल्याच ऑक्टोबर आवृत्तीतले. ज्याला साऱ्या इंग्लंडने नंतर फुगा म्हटलं, त्या फुग्याच्या दोरीला धरून हे शहर पैलतीरी लागलं. त्या २० गुणांत तीन गुण १३ सप्टेंबरचे होते, न्यूकॅसलला न्यूकॅसलमध्येच २-१ हरवून मिळवलेले. तो सामना नुसता बरोबरीत सुटला असता, तरी हल ३३ आणि न्यूकॅसल ३५. खोट्या सुरुवातीचे गुण खोटे असतात, असं ज्यांना वाटतं, त्यांनी न्यूकॅसलच्या एखाद्या जुन्या प्रेक्षकाला विचारावं. फार जवळ उभं राहून विचारू नये.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपला,
एक नित्य वाचक

ता. क. : हे पत्र मे महिन्याच्या पॉइंट टेबलास दाखवू नये. आपलं त्यांच्याशी कधी पटत नाही, आणि बक्षीस समारंभाला बोलावणं दरवर्षी त्यांनाच येतं.