प्रोसेसमधले बप्पा

परदेशातल्या नोकरीसाठी व्हिसाचा अर्ज करतो मुलगा, पण तो अंगी लागतो बापाच्या. मुलगा पुण्याच्या एका दवाखान्यात रात्रपाळी करतो, दिवसा जर्मनच्या क्लासला जातो, उरलेल्या वेळात झोपतो. त्याच्यात काही फरक पडलेला दिसत नाही. इकडे येडशीच्या चौकात बप्पांची चाल मात्र बदललेली असते. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी पासपोर्टच्या झेरॉक्सची घडी येते. कुणी विचारलं, "बप्पा, यंदा सोयाबीन किती बॅगा?" तर महामार्गाकडं बघत ते म्हणतात, "बघू. पोराचं काय ठरतंय त्यावर हाय." सोयाबीनचा आणि पोराचा संबंध काय, हे विचारायची कुणाची छाती होत नाही.

सोलापूर-धुळे महामार्ग आणि लातूर-बार्शी रस्ता जिथं एकमेकांना भेटतात, तिथं जन्म काढलेल्या माणसाला जाणाऱ्या-येणाऱ्याचं अप्रूप नसावं. पण असतं. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या जाताना पाहिल्या, आता घरातलं कुणीतरी निघालंय. निघालंय म्हणजे अजून निघालेलं नाही. "प्रोसेसमदी हाय," असं बप्पा म्हणतात. हा शब्द त्यांना इतका आवडलाय की परवा सोसायटीच्या सचिवानं कर्जाचा हप्ता विचारला, तर तोही प्रोसेसमध्येच निघाला.

मुलगा नर्सिंग झालेला. दवाखान्यात पुरुष नर्सला ब्रदर म्हणतात. "आमचा बारका ब्रदर हाय," असं बप्पांनी पारावर पहिल्यांदा सांगितलं तेव्हा एका म्हाताऱ्यानं साधाच प्रश्न केला, "कुणाचा?" पुढं पोरगा बी-टू झाला. जर्मन भाषेची ही पायरी चढल्याशिवाय तिकडं नर्स म्हणून पूर्ण मान्यता मिळत नाही. बप्पांनी पेढे वाटले. बी-टू म्हणजे काय, यावर सलूनमध्ये चर्चा झाली आणि तो रक्तगट असावा असं ठरलं. बप्पा तिथंच दाढीला बसले होते, पण त्यांनी काही खोडून काढलं नाही. परीक्षा काय कुणीही पास होतं. असला रक्तगट तालुक्यात दुसऱ्याचा नव्हता.

फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. सुरुवातीला 10 हजार तरुण पाठवायचे, आणि कामांच्या यादीत नर्सपासून सुतार, प्लंबर, बसचालक, वेटरपर्यंत सगळे. त्या बातमीचं कात्रण बप्पांकडं आहे. मुलाचा त्या योजनेशी काही संबंध नाही, तो आपल्या हिमतीवर चाललाय. पण "आपला जर्मनीशी करार झालाय" या वाक्यातला 'आपला' महिन्याभरात मंत्रालयातून निघून बप्पांच्या ओसरीवर येऊन बसला. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मनीनं भारतातल्या कुशल कामगारांचे व्हिसे वर्षाला 20 हजारांवरून 90 हजारांवर न्यायचं जाहीर केलं. बप्पा संकोचून म्हणाले, "एका पोरासाठी एवढं कशाला करायचं त्यांनी."

खरा जीव आहे तो कागदांत. बार्शीच्या सराफानं लग्नाच्या खरेदीवर दिलेली रेक्झिनची पिशवी, तिच्यात फाइल. जर्मनीनं मागितलेली कागदं त्यात आहेतच. न मागितलेली त्याहून जास्त आहेत. सातबारा, आठ-अ, लाइट बिल, पोराचं चौथीच्या स्कॉलरशिपचं प्रमाणपत्र आणि आजोबांच्या नावाचं जमिनीचं जुन्या काळातलं उर्दू खासरा पत्रक. त्यात काय लिहिलंय हे घरात कुणालाच वाचता येत नाही. "पण जुनं हाय," बप्पा म्हणतात, "जुन्या कागदाला कोणताबी सायेब नाही म्हणत नाही." ज्या माणसाचे निम्मे दिवस एका दाखल्यासाठी दुसरा दाखला काढण्यात गेलेत, त्याच्या या शहाणपणाला हसण्याआधी मी तरी विचार करीन.

व्हिसाच्या अर्जात आईवडिलांच्या जन्मतारखा लिहाव्या लागतात. इथं मोठा पेच आला. मराठवाड्यातली एक आख्खी पिढी 1 जूनला जन्मली. गुरुजींनी पहिलीत नाव घालताना पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावला, धरता आला तर वय बसेल अशी तारीख टाकली, आणि ती तारीख 1 जून. बप्पा 1 जूनचे, बायको 1 जूनची, थोरले भाऊही 1 जूनचे. फक्त ते शाळेत उशिरा गेल्यामुळं दाखल्यावर बप्पांपेक्षा वर्षभरानं लहान. मुलानं फोनवर विचारलं, "बप्पा, तुमची खरी तारीख सांगा."

"खरी म्हंजी आधारवरली का खरी?"

"खरी."

"ती तुझ्या आज्जीला माहीत होती. रझाकारानंतर लई पाऊस झाल्ता त्या सालच्या पोळ्याला का काय."

अर्जात 1 जून गेली.

मग गावाच्या नावाचं निघालं. जिल्ह्याचं नाव 2023 मध्ये धाराशिव झालं. मुलाच्या पासपोर्टवर जन्मठिकाण उस्मानाबाद, नंतर काढलेल्या दाखल्यावर धाराशिव. सेवा केंद्रातल्या पोरानं काडी टाकली, "जर्मनीवाल्यांना ही दोन गावं वाटतील, बप्पा." बप्पांना रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी मुलानं क्लासमध्ये ऐकलेली गोष्ट सांगितली. पूर्व जर्मनीत केम्निट्झ नावाचं शहर आहे. 1953 मध्ये सरकारनं त्याचं कार्ल-मार्क्स-श्टाट करून टाकलं. पुढं लोकांनी मतदान करून जुनं नाव परत आणलं आणि ते लागू झालं 1 जून 1990 पासून.

"एक जून?" बप्पा उठून बसले. "तितंबी गुरुजीच बसलेत की रं!" त्या दिवसापासून जर्मनी त्यांना परकी वाटेनाशी झाली.

बप्पांचा अधिकार असा वाढत गेला की दुसऱ्यांची पोरंही त्यांच्याकडं येऊ लागली. एकाचा मुलगा शिकायला जर्मनीला जाणार होता. त्याला वर्षाचा खर्च म्हणून 11,904 युरो आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवायचे होते. ही काय भानगड, म्हणून बाप घाबरलेला. बप्पांनी एका वाक्यात समजावलं: "आपल्या पतसंस्थेवानी. पैसा आपलाच, पण काढता येत नाही. फक्त तितं महिन्याच्या महिन्याला थोडाथोडा सोडतेत." आमच्या भागात पतसंस्था ज्यांनी अनुभवल्यात, त्यांना याहून खुलासा लागत नाही.

आखातात जाणाऱ्या गवंड्या-प्लास्टरवाल्यांचा विषय निघाला की मात्र बप्पांची थट्टा थांबते. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असतं, त्याला सौदी, कुवेत, कतारला कामावर जायचं तर सरकारची परवानगी लागते, हे 1983 च्या कायद्यापासूनचं आहे, आणि एजंट सरकारी नोंदणीचा असला तरी त्याला 30 हजार रुपये आणि वर जीएसटी, याच्यापुढं मागता येत नाही, हे त्यांना तोंडपाठ आहे. गेल्या उन्हाळ्यात एक एजंट पांढऱ्या गाडीतून चौकात उतरला. दीड लाख, पण काम पक्कं, असं सांगायला लागला. बप्पांनी त्याला चहा पाजला आणि कप खाली ठेवायच्या आत नोंदणी नंबर विचारला. एजंटानं "गाडीत आहे, आणतो" म्हटलं आणि तो गाडीसकट गेला. चहाचे पैसे बप्पांनीच दिले. त्याची खंत ते अजून करतात.

स्थळांचं सांगायचं तर थोडक्यात. शेतकऱ्याच्या पोराला मुलगी मिळत नाही, नोकरीवाल्याला मिळते, आणि प्रोसेसमधल्याला निवडायला मिळते. बप्पांनी सगळ्यांना थांबवून ठेवलंय. त्यांनाही कळलंय की व्हिसा मिळालेला पोरगा एकदा जातो आणि विषय संपतो. प्रोसेसमधला रोज चाललेला असतो, रोज चौकशी होते, रोज कुणीतरी चहा सांगतं.

श्रावणी सोमवारी बप्पा मला रामलिंगला घेऊन गेले. घाटातल्या माकडांनी आमचे नारळ नेले. सीतेला घेऊन निघालेल्या रावणाशी जटायू इथंच लढला अशी आमच्याकडं श्रद्धा आहे. देवळाजवळ त्याची समाधी दाखवतात. बप्पा तिथं नेहमीपेक्षा जास्त वेळ हात जोडून उभे राहिले. "विनाकागदाचं इमान अडवलं बगा ह्यानं," ते म्हणाले. "आमचे कागद हायती. आमाला जाऊ दे म्हनलं."

आणि मग आडव्या गल्लीतल्या एका पोराचा व्हिसा नाकारला. पत्र बप्पांकडं आलं, म्हणजे वाचायला आणलं. बप्पांनी चष्मा पुसला. नकार त्यांना नवा नव्हता. तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत अशा सगळ्या पायऱ्यांवरचे नकार त्यांनी पचवलेत. "अपील कितव्या दिवसापर्यंत?" त्यांनी विचारलं.

सेवा केंद्रातल्या पोरानं शोधून सांगितलं की पूर्वी वकिलातीलाच फेरविचाराचं पत्र देता यायचं, ते जर्मनीनं 1 जुलै 2025 पासून बंद केलंय. आता नव्यानं अर्ज करायचा, नाहीतर थेट कोर्टात जायचं.

"फेरविचार न्हाई?" बप्पांना खरोखर धक्का बसला होता. "आरं, फेरफाराला अपील हाय, रेशनकार्डाला हाय. एवढा मोठा देश, आन अपील न्हाई? बरं, कोर्ट कुठलं?"

"बर्लिनचं."

बप्पा थोडा वेळ गप्प राहिले. तारखेला हजर राहायला व्हिसा लागेल का, आणि तोही नाकारला तर तारीख पुढं मिळेल का, असे दोन प्रश्न त्यांनी विचारले. पोराला उत्तर देता येईना. तेव्हा त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

"टाइप कर. प्रति, माननीय न्यायाधीश सायेब, मुक्काम पोस्ट बर्लिन. अर्जदार राहणार येडशी, तालुका जिल्हा धाराशिव, कंसात पूर्वीचं उस्मानाबाद टाक. विषय, अन्याय झाल्याबाबत." मग पोराच्या बापाकडं वळून त्यांनी हळूच विचारलं, "तुमच्याकडं खासरा पत्रक हाय का?" आणि तो नाही म्हणेपर्यंत परत टाइप करणाऱ्याला, "थांब. कोर्ट फीचं तिकीट कितीचं लावायचं, ते बघ आधी."