आपलेच पैसे, आपणच उसने

आमच्या साडूभाऊंनी आयुष्यात एकच गोष्ट नेमाने केली. हप्ता भरला नाही. टेम्पो घेतला तेव्हा पूजा घातली, पुढे लिंबू-मिरची टांगली, मागे ‘आईचा आशीर्वाद’ रंगवून घेतलं आणि काही महिन्यांतच बँकेचा फोन उचलणं बंद केलं. आशीर्वाद आईचा, टेम्पो त्यांचा आणि जामीन मी, अशी एकूण वाटणी होती.

जामीन राहणं हा आपल्याकडे कर्जाचा भाग मानतच नाहीत, तो मानपानाचा भाग. मेहुणीचं घर, समोर कांदेपोहे, आणि साडूभाऊ म्हणतात, “अहो, नुसती सही हो. फॉर्मॅलिटी.” सही करायला नकार देणं म्हणजे पोह्यांना नावं ठेवण्यासारखं. पण त्या फॉर्मॅलिटीच्या मागे 1872 सालचा भारतीय करार कायदा उभा असतो, हे पोह्यांवर कुणी पेरून देत नाही. त्याचं कलम 128 म्हणतं की, करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. टेम्पो फिरवायचा त्यांनी, भाडं घ्यायचं त्यांनी. फेडायच्या वेळी मात्र दोघांना समान हक्क. इंग्रज गेले, समानतेची एवढी एक तरतूद मागे ठेवून गेले.

मला याचा पत्ता लागला तो मुलीसाठी स्कूटर घ्यायला गेलो तेव्हा. शोरूममध्ये फायनान्सवाला एक पोरगा बसला होता. त्यानं माझा पॅन नंबर मोबाइलवर टाकला, स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि आवाज इतका खाली आणला की शेजारच्या तीन टेबलांना नीट ऐकू गेलं. “काका, तुमचं सिबिल खराब आहे.”

बायको म्हणाली, “अहो, कधीपासून? मला बोलला नाहीत.”

मग रिपोर्ट काढला. तो काढणं सोपं आहे. देशात सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आपल्या उधारीची वही ठेवतात आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येकीनं वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. आपला आपण पाहिला तर गुण कापले जात नाहीत. कर्ज देणाऱ्यानं पाहिला तर त्याची नोंद होते, आणि थोड्या दिवसांत चार ठिकाणी अर्ज केले तर हा माणूस पैशांसाठी दारोदार फिरतोय असा अर्थ निघून आकडा आणखी घसरतो. लग्नाच्या बाजारातही एवढी अब्रू लागत नसेल, असं म्हणणार होतो, पण तेही आता खरं राहिलं नाही. 2025 च्या फेब्रुवारीत अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरची बातमी छापून आली होती. लग्न जवळपास ठरलेलं, आणि मुलीच्या मामांनी नवऱ्या मुलाचं सिबिल पाहायला मागितलं. पाहिलं आणि लग्न मोडलं. छत्तीस गुण जुळवायचे दिवस गेले. आता 300 ते 900 अशी लांबलचक पत्रिका आली आहे.

माझा आकडा 582 निघाला. 900 पैकी 582 म्हणजे चौसष्ट टक्के. आमच्या वेळी बोर्डात एवढ्यावर पहिला वर्ग मिळायचा आणि आई गल्लीत पेढे वाटायची. इथे साडेसातशेच्या खाली असलात की बँका तोंड वाकडं करतात. शिवाय हे गुण 300 पासून सुरू होतात, म्हणजे सगळी उत्तरं चुकली तरी तेहतीस टक्के पदरात. इतक्या उदार परीक्षेत नापास व्हायला साडूच लागतो.

रिपोर्टात माझे सगळे जुने पत्ते होते. ज्या भाड्याच्या खोलीचा घरमालकसुद्धा मला विसरला, ती सांगलीची खोली तिथे होती. आणि ‘जामीनदार’ या सदराखाली तो टेम्पो. महिन्यागणिक चौकोन, प्रत्येकात हप्ता किती दिवस लांबला त्याचा आकडा: 30, 61, 91. नव्वद दिवस उलटले की बँकेच्या भाषेत कर्ज एनपीए होतं, आणि आमचा टेम्पो तर तिथेही थांबला नव्हता. शेवटी एका ओळीत लिहिलं होतं, ‘सेटल्ड’.

या ‘सेटल्ड’ची कथा अशी की साडूभाऊंनी बँकेशी परस्पर घासाघीस करून निम्म्या रकमेत तोडपाणी केलं होतं आणि त्या विजयानिमित्त आम्हाला जेवायला बोलावलं होतं. बासुंदी होती. निम्मी रक्कम सोडून देताना बँकेनं चेहरा हसरा ठेवला, पण वहीत लिहून ठेवलं की या लोकांनी पूर्ण पैसे दिलेले नाहीत. ‘क्लोज्ड’ म्हणजे फेडलं. ‘सेटल्ड’ म्हणजे फेडल्यासारखं केलं. अशा नोंदी या कंपन्यांनी किमान सात वर्षं जपून ठेवायच्या, असा दंडक आहे. म्हणजे साडेसातीच, फक्त सहा महिन्यांची सूट. आणि शनिवारी तेल वाहून उपयोग नाही.

उपाय काय? खांबाखांबावर ‘सिबिल वाढवून मिळेल’ असे कागद चिकटवलेले असतात. त्यांतल्या एकाला फोन केला, तर तो आधी पाच हजार भरा म्हणाला. खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही, चुकीची असेल तर आपल्याला फुकट दुरुस्त करून घेता येते; म्हणजे त्याचे पाच हजार नेमके कशाचे, हे त्यालाच ठाऊक. खरा मार्ग बँकेतल्या मॅडमनी सांगितला: “सोडलेली रक्कम भरून टाका आणि खातं क्लोज्ड करून घ्या.”

बँकेनं माफ केलेले पैसे बँकेला परत द्यायला जाणं हा अनुभव प्रत्येकानं एकदा घ्यावा. साडूभाऊंनी “आता मिटलंय ना, कशाला उकरता?” म्हणून अंग काढून घेतलं, तेव्हा मीच गेलो. काउंटरवरचा माणूस संशयानं पाहू लागला. “हे कर्ज बंद आहे. पैसे कशात घेऊ?” मी म्हटलं, कशातही घ्या. त्यानं साहेबांना विचारलं, साहेबांनी हेड ऑफिसला विचारलं. वर्षानुवर्षं ज्या शाखेनं ‘पैसे भरा’ म्हणून फोन केले, तीच शाखा आता ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणत होती. वसुलीवाला जसा आमच्या दारात घिरट्या घालायचा, तशा मी बँकेत घालू लागलो. शेवटी मुदतठेव मोडली, पैसे भरले, नो ड्यूज दाखला घेतला. तरी रिपोर्ट तसाच. मग तक्रार केली. तीस दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही तर दिवसाला 100 रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मी मोठ्या आशेनं बसलो होतो. मेल्यांनी मुदतीत दुरुस्त केलं.

पण डाग पुसला म्हणून पत वाढत नाही. ती नव्यानं कमवावी लागते, आणि कमवायची कशी, तर कर्ज घेऊन. आमचे धाकटे काका निवृत्त मास्तर. घर, सायकल, पंखा, मुलीचं लग्न, सगळं रोखीनं. अंथरूण पाहून पाय पसरणारा हा माणूस. त्यांचा रिपोर्ट काढला तर आकडा आला उणे एक. इतिहासच नाही म्हणे! बुडवणाऱ्या साडूच्या जामीनदाराला पाचशेच्या वर आणि जन्मात कुणाचे पाच रुपये न ठेवणाऱ्या मास्तरांना शून्यापेक्षाही कमी. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं आणि एवढंच म्हणाले, “मायनसचं चिन्ह कुणी दिलं रे?” पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला केवळ इतिहास नाही म्हणून नाकारू नका, असं सरकारनं बँकांना सांगितलंय खरं. पीककर्जाला सिबिल मागाल तर गुन्हा दाखल करू, अशी तंबीही राज्यात दिली गेली. बँका ऐकून घेतात. ऐकून घेण्याला व्याज पडत नाही.

तर मला नुसता दाखला नव्हे, पत हवी होती, आणि डागाळलेल्या माणसाला साधं क्रेडिट कार्ड कुणी देत नाही. त्यावरची युक्ती म्हणजे ठेवीवरचं कार्ड. मी बँकेत 50,000 ठेवायचे. त्यावर बँक मला 40,000 ची मर्यादा देणार. त्यातलेही तीस टक्क्यांपेक्षा जास्त वापरू नका, हावरे दिसता, हा जाणकारांचा सल्ला. म्हणजे माझ्याच पन्नास हजारांतले बारा हजार मी बँकेकडून उसने घ्यायचे आणि तारखेच्या आत परत करायचे. ठेवीवर मला वर्षाला साडेसहा टक्के. परतफेड चुकली तर माझ्याकडून महिन्यालाच तीनच्या आसपास. बायकोला हे समजावून सांगितलं. ती पोळी लाटता लाटता थांबली. “आपलेच पैसे आपणच उसने घ्यायचे, आपल्यालाच परत द्यायचे, आणि त्यावरून आपण प्रामाणिक आहोत हे त्यांना कळणार?” मी हो म्हटलं. “मग साडूभाऊंना काय कळलं नाही त्यात?”

तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. पुढे गाथा पाण्यावर तरंगून आली, खतं मात्र आली नाहीत. देवालाही कुठे थांबायचं ते कळत होतं. आताची खतं सर्व्हरवर असतात आणि 2025 च्या जानेवारीपासून ती निदान पंधरवड्याला ताजी होतात. त्यामुळे आमच्या घरात आता पंधरवड्याला दोन गोष्टी पाळतात: एकादशी आणि सिबिल. मी कांदे, पेट्रोल आणि लाइटबिल उधारीवर घेतो आणि पगाराच्या दिवशी फेडतो. आयुष्यभर रोखीत गेलेली भाजी आता चारित्र्याच्या कामी येते.

यथावकाश आकडा सातशे चाळीसच्या पुढे गेला आणि स्कूटरचं कर्ज मंजूर झालं. व्याज इतरांपेक्षा दीड टक्का जास्त, पण झालं. तोवर मुलीला नोकरी लागली होती आणि तिला तिच्या पगाराच्या बँकेनं स्वतःहून फोन करून कर्ज देऊ केलं होतं. स्कूटर मीच वापरतो.

वाचकहो, तो फुकटचा रिपोर्ट यंदाच काढून बघा, चारही ठिकाणांहून. आपल्या नावावर कुणाचा टेम्पो फिरतोय का ते कळेल. आणि कुणी जामिनाच्या सहीसाठी घरी आलं तर चहा द्या, पोहे द्या, हवं तर जेवायला थांबवा. फक्त पेन सापडत नाही म्हणा.